बागेतलं चहाघर

फुलांच्या बागेची बातमी म्हटली की ती कशी असणार, हे आपल्याला ठाऊक आहे. अमुक झाड बऱ्याच वर्षांनी फुललं, तमुक तारखेपासून प्रदर्शन, लहान मुलांना तिकीट अर्धं, बाग सहाला बंद. लंडनजवळ थेम्स नदीच्या काठी क्यू नावाची बाग आहे. तिथं दर वर्षी फेब्रुवारीच्या सुमारास ऑर्किडचं प्रदर्शन भरतं. ऑर्किड म्हणजे आपल्याकडे आंब्याच्या, जांभळाच्या फांदीवर जी आमरी फुलते ना, तिच्या कुळातली फुलं. थंडीनं गारठलेली माणसं काचेच्या उबदार घरात शिरतात, फुलं बघतात, बाहेर येऊन चहा पितात.

पण १९१३ सालच्या फेब्रुवारीत ह्याच बागेतून लागोपाठ दोन बातम्या आल्या आणि त्या फुलांच्या नव्हत्या. ८ तारखेला सकाळी कळलं, की रात्रीतून कुणीतरी ऑर्किडच्या काचघराच्या तावदानांचा चुरा केलाय आणि आतली रोपं मोडून टाकलीत. पुढं बारा दिवसांनी, २० तारखेच्या पहाटे, बागेतलं चहाघर जळून खाक झालं. दुसऱ्या घटनेत दोन बाया पकडल्या गेल्या.

आम्ही हा इतिहास आमच्या केंद्रावर एकत्र बसून वाचला, तेव्हा एकीनं विचारलं, "बायांचं चहाघराशी काय वैर?" आजचं बोलणं त्या प्रश्नावर आहे. पण त्याआधी बायांचं त्या बागेशी काय नातं होतं, ते थोडं सांगायला हवं.

बाग जुनी, १७५९ पासूनची. आधी राजघराण्याची होती, १८४० साली सरकारकडे आली. ती नुसती फिरायची बाग नाही. जगभरातून बिया, रोपं तिथं जायची आणि तिथून इंग्रजांच्या मुलुखात पसरायची. हिवतापावरचं क्विनाईन ज्या झाडाच्या सालीतून निघतं, ते सिंकोनाचं झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. १८६० च्या सुमारास ते निलगिरीच्या डोंगरात आलं, त्यात ह्या बागेचा हात होता. आपल्या आज्या-पणज्यांनी तोंड वाकडं करत जी कडू गोळी गिळली, तिचा एक धागा असा क्यूपर्यंत जातो.

त्या बागेत एक चित्रांचं घर आहे. मॅरिएन नॉर्थ नावाच्या बाईनं स्वतःच्या पैशानं बांधलेलं, १८८२ साली उघडलेलं. ही बाई एकटी जगभर फिरली, १८७७ ला हिंदुस्थानातही आली, आणि जिथं जाईल तिथल्या झाडाफुलांची रंगीत चित्रं काढत राहिली. आठशेहून जास्त चित्रं त्या घरात भिंतभर, एकाला एक चिकटून लावलेली आहेत. चालून दमलेल्या माणसांना तिथं चहा-कॉफी मिळावी, अशी तिची फार इच्छा होती. बागेचे त्या वेळचे प्रमुख सर जोसेफ हुकर ह्यांनी साफ नाही म्हटलं. लोक गोंधळ घालतील, ही भीती. बाईनं वाद घातला नाही. दारांवर तिनं चहाचं आणि कॉफीचं झाड रंगवून ठेवलं! चहा मिळणार नाही तर निदान चहाचं झाड बघा. आम्हाला ही बाई फार आवडली.

मग १८९६ साली बागेनं पहिल्यांदा दोन तरुणींना माळीकामावर घेतलं. अ‍ॅनी गुल्विन आणि अ‍ॅलिस हचिंग्ज, दोघी बागकामाच्या कॉलेजातून शिकून आलेल्या. अट अशी, की पुरुष माळ्यांसारखाच पोशाख घालायचा: गुडघ्यापर्यंतची तुमान, लोकरी मोजे, कोट, टोपी. बायकी कपड्यांनी पुरुषांचं कामातलं लक्ष उडू नये, हा त्यामागचा विचार. झालं उलटंच. तुमान घालून बाया खुरपणी करतायत, असं वर्तमानपत्रांत छापून आलं आणि बघ्यांची झुंबड उडाली. त्या दोघींनी काय लावलं, काय जगवलं, ह्यापेक्षा त्यांनी काय घातलंय ह्याचीच बातमी झाली. (हे ऐकून आमच्यातल्या ट्रॅक्टर शिकलेल्या मैत्रिणीनं फक्त मान हलवली.)

बागेत चहाघरही झालंच. लाकडी, ऐसपैस. आणि १९१३ साली ते दोन बाया चालवत होत्या. हे लक्षात ठेवा.

आता त्या काळच्या राजकारणाकडे येऊ. इंग्लंडात तेव्हा राणीनं त्रेसष्ट वर्षं राज्य करून झालं होतं, पण बाईला देशाच्या निवडणुकीत मत नव्हतं. अर्ज झाले, सभा झाल्या, पिढी गेली. १९०३ साली मँचेस्टरला एमेलिन पँकहर्स्ट ह्यांनी बायांची नवी संघटना काढली. तिचं म्हणणं, विनवण्या पुरे. आधी सभांमध्ये उभं राहून जाब विचारणं, मग मोर्चे, मग अटक, मग तुरुंगात उपास. सरकार दर वेळी थोडी आशा दाखवायचं आणि मागं घ्यायचं. १९१३ च्या जानेवारीत पुन्हा तेच झालं. मतदानाच्या कायद्यात बायांना घ्यायची दुरुस्ती संसदेत यायची होती. अध्यक्षांनी ती नियमात बसत नाही म्हणून सांगितलं आणि सरकारनं सगळा कायदाच गुंडाळून ठेवला.

त्यानंतर ह्या बाया मालमत्तेवर आणखी जोरात घसरल्या. टपालपेट्यांत आग, दुकानांच्या काचा, मोकळी घरं. १९ फेब्रुवारीला लॉइड जॉर्ज ह्या बड्या मंत्र्याच्या बांधकाम चालू असलेल्या घरात स्फोट झाला. नियम एकच घालून घेतलेला, की कुणाचा जीव जाता कामा नये. सरकारला माणसापेक्षा वस्तूची किंमत जास्त आहे, तर वस्तूलाच हात घालू, असं त्यांचं गणित.

त्याच रात्रीनंतरच्या पहाटे तीनच्या सुमाराला क्यू बागेतल्या राखणदाराला चहाघरात उजेड दिसला. बघतो तर आग. दोन बाया पळत होत्या. पोलिसांनी त्यांना गाठलं. सोबतच्या बॅगेत हातोडी, करवत आणि रॉकेलचा वास मारणारा काथ्या. एकीनं नाव सांगितलं जॉइस लॉक, ते खोटं होतं. ती ऑलिव्ह व्हॅरी, डॉक्टरची मुलगी, चित्रकार, वय सव्वीस. दुसरी लिलियन लेंटन, नाच शिकलेली, वय बावीस. ऑर्किडच्या काचघराला कुणी हात लावला होता, ते मात्र कधी सापडलं नाही.

खटला उभा राहिला आणि तिथं ती गोष्ट बाहेर आली. ऑलिव्हनं कोर्टात सांगितलं, की आत कुणी नाही ना, हे पाहूनच आग लावली. आणि चहाघर सरकारचं आहे, असंच आम्ही समजत होतो. ते सरकारचं नव्हतं. दोन बायांचं होतं. नुकसान ९०० पौंडांचं, विमा ५०० पौंडांचाच. वरचे ४०० पौंड त्या दोघींच्या पदरचे गेले. ह्यावर ऑलिव्हचं म्हणणं असं, की हे युद्ध आहे आणि युद्धात न लढणाऱ्यांनाही झळ बसते, हे त्या दोघींनी समजून घ्यावं.

इथं आमचं वाचन थांबलं. आमच्यातल्या दोघींचा गट तालुक्याच्या ठिकाणी कँटीन चालवतो. भल्या पहाटे उठून, सिलिंडरची सोय बघून, दुधाचा हिशोब ठेवून चालवलेलं कँटीन. त्यातली एक म्हणाली, "माझ्यासाठी लढते म्हणते आणि माझंच दुकान जाळते. वर मलाच म्हणते, समजून घे." दुसरी म्हणाली, "पण ती आत जाऊन बसली ना. पैसे घेऊन पळाली नाही." तासभर हे चाललं. रेकॉर्डिंग राहून गेलं.

आत जाऊन बसली म्हणजे काय, तेही ऐका. ऑलिव्हला अठरा महिन्यांची शिक्षा झाली. तुरुंगात तिनं अन्न सोडलं. बत्तीस दिवस उपाशी राहिली आणि तुरुंगातल्या अधिकाऱ्यांच्या ते लक्षातही आलं नाही, असं सांगतात. आत जाताना वजन साधारण ४९ किलो, सुटली तेव्हा ३६ किलो.

लिलियनचं तर आधीच विपरीत झालं होतं. खटला उभा राहण्यापूर्वी कोठडीत तिनं उपास धरला. तेव्हा तुरुंगात उपास करणाऱ्या बायांना बळजबरीनं अन्न घालायचे. चौघी-पाच जणींनी धरून ठेवायचं, नाकातून किंवा तोंडातून नळी घालायची आणि वरून पातळ अन्न ओतायचं. लिलियनच्या बाबतीत ते अन्न फुप्फुसात गेलं. ती मरायला टेकली, म्हणून घाईघाईनं तिला सोडून दिलं. डॉक्टरांनी वर्तमानपत्रांत पत्रं लिहिली, संसदेत प्रश्न आले, गृहमंत्र्यांनी कानावर हात ठेवले.

ह्या गदारोळानंतर एप्रिलमध्ये सरकारनं नवा कायदा काढला. उपासानं बाई खंगली की तिला घरी सोडायचं, अंगात जरा जीव आला की पुन्हा आत घ्यायचं. लोकांनी त्याचं नाव ठेवलं मांजर-उंदीर कायदा. उंदराला दाढेत धरायचं, सोडायचं, पुन्हा धरायचं. पण लिलियन काही साधी उंदरीण नव्हती. पोलिसांनी घराला वेढा घातलेला असताना ती सामान पोचवणाऱ्या पोऱ्याच्या वेशात, सफरचंद खात, त्यांच्या समोरून निघून गेली.

१९१४ ला महायुद्ध सुरू झालं आणि पँकहर्स्टबाईंनी हे सगळं थांबवलं. पुरुष माळी लढाईवर गेले, तेव्हा क्यू बागेला पुन्हा बायांची आठवण झाली. १९१५ पासून बाया तिथं वाफे खणू लागल्या, काचघरं सांभाळू लागल्या. युद्ध संपलं, पुरुष परतले आणि ह्या बायांची गरज संपली. हा भाग आम्ही फार रंगवून सांगत नाही. आपल्याकडे गिरणीत, खाणीत, रोजगाराच्या कामावर हे कसं होतं, ते तुम्ही जाणता.

मत मिळालं १९१८ ला, पण अर्धंमुर्धं. पुरुषाला एकविसाव्या वर्षी, बाईला तिशीनंतर, आणि तेही तिच्या किंवा नवऱ्याच्या ताब्यात घर-जागा असेल तर. पुरुषांच्या बरोबरीचं मत यायला १९२८ उजाडलं. आपल्याकडे मुंबई इलाख्यात बायांना मत १९२१ ला मिळालं, कायद्यानं पुरुषांसारख्याच अटींवर. पण अट होती मालमत्तेची, कराची. बायांच्या नावावर असायचं काय? त्यामुळे मत आलं ते मोजक्याच घरांत. सगळ्या सज्ञान बायांना ते मिळालं स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेनं.

लिलियन लेंटन पुष्कळ जगली, १९७२ पर्यंत. पहिल्या महायुद्धात ती सर्बियात जखमींची सेवा करायला गेली होती. म्हातारपणी तिनं सांगितलेली एक गोष्ट आम्हाला विसरता येत नाही. मताचा कायदा झाला, पुढं तिची तिशीही उलटली, पण तिला बराच काळ मत देता आलं नाही. कारण, ती म्हणाली, माझ्याकडे ना नवरा होता, ना फर्निचर.

फर्निचरचा काय संबंध, असं आम्हीही विचारलं. तर भाडेकरूच्या बाबतीत नियम असा होता, की रिकामी खोली घेऊन स्वतःचं सामान लावलेलं असेल तर तो तुमचा बिऱ्हाडाचा ताबा, मग मत आहे. पलंग-टेबलासकट खोली घेतली तर मत नाही.

आमच्यातल्या सगळ्यांत वयस्कर आजी इतका वेळ गप्प बसून होत्या. त्यांनी विचारलं, "म्हणजे खाट असती तर चाललं असतं?"

हो आजी, बहुतेक चाललं असतं.