हाउस ऑफ द ड्रॅगन

हाउस ऑफ द ड्रॅगन ही एचबीओ वाहिनीची अमेरिकन काल्पनिक नाट्यमालिका आहे. जॉर्ज आर. आर. मार्टिन व रायन कॉन्डल हे तिचे निर्माते असून ती मार्टिन यांच्या फायर अँड ब्लड (२०१८) या पुस्तकावर आधारित आहे. गेम ऑफ थ्रोन्स या मालिकेची ही पूर्वकथा असून तिचे कथानक डेनेरिस टारगेरियनच्या जन्माच्या १७२ वर्षे आधी सुरू होते. पहिले पर्व (१० भाग) २१ ऑगस्ट २०२२ पासून, तर दुसरे पर्व (८ भाग) १६ जून २०२४ पासून प्रसारित झाले.

कथानक

वेस्टेरॉसच्या लोहसिंहासनावर टारगेरियन घराण्याची सत्ता असून तिचा मुख्य आधार ड्रॅगन हा आहे. राजा पहिला व्हिसेरिस याची राणी बाळंतपणात मरण पावते व नवजात पुत्रही दगावतो. त्यानंतर राजा आपली कन्या रेनीरा हिला वारस घोषित करतो आणि सरदारांकडून तशी शपथ घेववतो. पुढे तो रेनीराची मैत्रीण ॲलिसेंट हायटॉवर हिच्याशी विवाह करतो व त्यांना एगॉन हा पुत्र होतो. व्हिसेरिसच्या मृत्यूनंतर ॲलिसेंटचा पक्ष एगॉनला राज्याभिषेक करतो. रेनीराचा 'कृष्ण' पक्ष व एगॉनचा 'हरित' पक्ष यांच्यातील हे यादवी युद्ध 'ड्रॅगनांचे नृत्य' या नावाने ओळखले जाते.

ऐतिहासिक प्रेरणा

या संघर्षामागे इंग्लंडमधील बाराव्या शतकातील 'अराजक' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या यादवीची प्रेरणा आहे. राजा पहिला हेन्री याचा पुत्र विल्यम ११२० मध्ये जहाज बुडून मरण पावला. हेन्रीने कन्या मटिल्डा हिला वारस ठरवून सरदारांकडून शपथ घेतली. मात्र ११३५ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर भाचा स्टीफन याने सिंहासन बळकावले. ११५३ मध्ये तडजोड होऊन मटिल्डाचा पुत्र दुसरा हेन्री वारस ठरला. स्वतः मटिल्डाला मुकुट मिळाला नाही.

मूळ पुस्तक व रूपांतर

फायर अँड ब्लड हे रूढ अर्थाने कादंबरी नसून एका काल्पनिक इतिहासकाराने लिहिलेला इतिहास, असे त्याचे स्वरूप आहे. हा इतिहासकार हरित पक्षाकडे झुकलेला धर्मगुरू युस्टेस, दरबारी विदूषक मशरूम इत्यादींचे परस्परविरोधी वृत्तान्त शेजारी शेजारी मांडतो. त्यामुळे अनेक घटनांचे सत्य अनिर्णित राहते. मालिकेला मात्र घटना प्रत्यक्ष दाखवावी लागत असल्याने एक पर्याय निवडणे भाग पडते. पुस्तकात ॲलिसेंट रेनीरापेक्षा बरीच मोठी आहे. मालिकेत त्या समवयस्क मैत्रिणी असल्याने सत्तासंघर्षाला तुटलेल्या मैत्रीची बाजू मिळते. तसेच लुसेरिसचा मृत्यू मालिकेत एमंडचा हेतू नसताना, ड्रॅगन अनावर झाल्यामुळे घडतो. सर्वच बदल मूळ लेखकाला मान्य झाले नाहीत. एगॉनचा धाकटा पुत्र मेलॉर वगळल्याबद्दल मार्टिन यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर नापसंती व्यक्त केली.

निर्मिती

पहिल्या पर्वाची सूत्रे कॉन्डल व मिगेल सपोचनिक यांच्याकडे होती; त्यानंतर सपोचनिक बाहेर पडले. संगीत रामिन जवादी यांचे आहे. चित्रीकरण इंग्लंडमधील लीव्हस्डेन स्टुडिओ व कॉर्नवॉल, स्पेनमधील कासेरेस आणि पोर्तुगालमधील मॉन्सान्तो येथे झाले. रेनीरा व ॲलिसेंट यांच्या तरुणपणीच्या भूमिका मिली अल्कॉक व एमिली कॅरी यांनी, तर प्रौढपणीच्या एमा डार्सी व ऑलिव्हिया कुक यांनी केल्या. मॅट स्मिथ यांनी डेमनची भूमिका साकारली.

प्रतिसाद

पहिला भाग प्रसारणाच्या दिवशी अमेरिकेत सुमारे १ कोटी प्रेक्षकांनी पाहिला. जानेवारी २०२३ मध्ये मालिकेस सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा गोल्डन ग्लोब पुरस्कार मिळाला. व्हिसेरिसच्या भूमिकेतील पॅडी कॉन्सिडाइन यांच्या अभिनयाची, विशेषतः आठव्या भागातील कामाची, प्रशंसा झाली. पहिल्या पर्वातील मोठी कालांतरे व सातव्या भागातील अंधारी दृश्ये यांवर टीकाही झाली. दुसऱ्या पर्वाच्या प्रसिद्धीसाठी एचबीओने दोन्ही पक्षांच्या स्वतंत्र झलकी प्रदर्शित करून प्रेक्षकांना बाजू निवडण्याचे आवाहन केले. प्रत्यक्ष मालिकेत मात्र कोणताच पक्ष निर्दोष दाखवलेला नाही. दोन्ही बाजूंच्या सूडाची किंमत लहान मुले व सामान्य प्रजा मोजताना दिसतात.