चौकट किती अक्षरांची?

कामगार चळवळीत आम्ही तीस वर्षे काढली, आणि त्या काळात अर्ज किती लिहिले याची मोजदाद नाही. कागदावर नाव मावले नाही तर माणूस समासात लिहितो. समासही भरला तर 'मागे पाहा' म्हणून पान उलटतो. संगणकाच्या पडद्यावर अर्जाची जी चौकट उमटते तिला मात्र समास नसतो. ती भरली की यंत्र पुढचे अक्षर घेत नाही आणि तुम्ही कितीही बोटे आपटा, ते ढिम्म हलत नाही.

काही वर्षांपूर्वी एका निवृत्त साखर कामगाराचे पैसे अडले. कारखान्याच्या हजेरीपत्रकात त्याचे नाव पुरते होते, कचेरीच्या यंत्रात अर्धेच. शेरा आला, 'नाव जुळत नाही'. प्रकार कसा होतो पाहा. समजा, चौकट 20 अक्षरांची आहे. रोमन लिपीत 'ज्ञानेश्वर' लिहायला 11 अक्षरे लागतात, 'पांडुरंग'ला 9, आणि मध्ये एक मोकळी जागा. झाली 21. म्हणजे बापाच्या नावाचेच शेवटचे अक्षर तुटले, आणि आडनावाला तर उंबऱ्याबाहेरच उभे राहावे लागले! आम्ही कवठे महांकाळहून तीन खेपा घातल्या. खिडकीवरचा कारकून भला होता. तो म्हणाला, "साहेब, चौकट काही आम्ही केलेली नाही." मग ती केली कोणी? या एका प्रश्नापायी आम्ही शब्दकोश उशाशी घेऊन इंग्रजी पुस्तके वाचू लागलो. त्या वाचनातून जे हाती लागले तेच येथे मांडीत आहो.

मूळ शोधू गेले तर ते पुठ्ठ्याच्या कार्डात सापडते. आयबीएम कंपनीने 1928 साली 80 रकान्यांचे छिद्रांचे कार्ड काढले. एका रकान्यात एक अक्षर. नाव, खाते, रक्कम, सारे त्या 80 घरांत बसवायचे. तेव्हा नावाला किती घरे द्यायची हे कार्ड आखणाराच ठरवी. पुढे कार्ड गेले, पण आखणाराची सवय राहिली.

पडद्यावरच्या चौकटीला आजचे रूप आले ते अमेरिकेत, झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात. तेथे लॅरी टेस्लर नावाचा एक गृहस्थ होता. यंत्राने माणसाला 'आता लिहिण्याची पाळी, आता खोडण्याची पाळी' असे दामटू नये, हा त्याचा ध्यास. मजकूर कापून दुसरीकडे चिकटवण्याची जी सोय आज पोरेटोरेही वापरतात, ती 1970 च्या दशकात त्याने आणि टिम मॉट याने बसवली. पुढे तो ॲपल कंपनीत गेला. तेथली एक गंमत सांगण्याजोगी आहे. 'लिसा' यंत्राच्या चौकटीत होकाराच्या बटणावर 'डू इट', म्हणजे 'कर', असे लिहिले होते. चाचणीसाठी बसवलेली साधी माणसे ते बटण टाळू लागली. एकाने चिडून विचारले, हे यंत्र मला 'डोल्ट', म्हणजे मठ्ठ, का म्हणते? दोन शब्दांमधली फट त्याला दिसलीच नव्हती. तेव्हापासून तेथे 'ओके' आले. वापरणाऱ्या माणसाला शेजारी बसवून विचारले म्हणून ही चूक सापडली, हे आम्हांला फार मोलाचे वाटते.

जानेवारी 1984 मध्ये मॅकिंटॉश आला. त्याची स्मृती अवघी 128 किलोबाइट. अशा अडचणीच्या संसारात काटकसर आलीच. चौकटीतला मजकूर कार्यक्रमाकडे ज्या थैलीतून जाई, तिच्या पहिल्या घरात अक्षरांची संख्या लिहिलेली असे. एका घरात मावणारी मोठ्यात मोठी संख्या 255, म्हणून मजकूरही 255 अक्षरांपलीकडे जाऊ शकत नसे. त्यामागे कोणाचा दुष्टावा नव्हता. तो तंगीतला हिशेब होता. पण तंगी सरली तरी पुष्कळ ठिकाणी तो आकडा तसाच राहिला.

आता आवडीनिवडींचे पाहू. त्याच मॅकिंटॉशमध्ये बॅटरीवर जागी राहणारी 20 बाइटांची एक चिमुकली स्मृती होती. आवाज किती मोठा, कळ दाबून धरली तर अक्षर किती वेगाने पुन्हा उमटावे, चौकटीतला कर्सर किती वेगाने लुकलुकावा, असे धन्याचे मोजके लाड तीत मावत. त्याआधीच्या वर्डस्टारमध्ये तर आवड बदलायची म्हणजे कार्यक्रमाच्या मूळ फाइललाच ठिगळ लावावे लागे. 1985 च्या विंडोजने साऱ्या कार्यक्रमांच्या आवडी एका सामाईक फाइलीत ठेवल्या. 1990 च्या तिसऱ्या आवृत्तीपासून ज्याला त्याला स्वतःची फाइल ठेवता येऊ लागली. चौकोनी कंसात मथळा, खाली नाव, बरोबरचे चिन्ह आणि किंमत. किराणा दुकानदाराच्या चोपडीसारखा हा उघडा कारभार आम्हांला आवडतो. 1995 नंतर ही चोपडी 'रजिस्ट्री' नावाच्या कोठारात गेली, आणि साध्या माणसाला ती चाळणे अवघड झाले.

पण आवडी कोणाच्या? आमची पत्रके जेथे निघत त्या डीटीपीच्या दुकानात यंत्र एक आणि पाळ्या दोन. सकाळचा गडी मराठी टंकयंत्रावर शिकलेला, संध्याकाळची मुलगी उच्चाराप्रमाणे कळा दाबणारी. यंत्र लक्षात ठेवी ते जो शेवटी उठून गेला त्याचे. रोज पहिली पाच मिनिटे परस्परांच्या नावाने कुरकुर! यंत्राला माणूस ठाऊकच नव्हता, त्याला फक्त खुर्ची ठाऊक होती.

त्याच दुकानात आम्ही मराठीची फजिती पाहिली. त्या काळच्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत. पानावर 'वेतन' सुरेख दिसे. पण 'शोधा' म्हणणारी चौकट आपल्या इंग्रजी फाँटनेच बोले, आणि तीत तोच शब्द भुताच्या भाषेसारखा उमटे. ऑपरेटर मग पानावरचा शब्द उचलून डोळे मिटल्यासारखा चौकटीत चिकटवी. वास्तविक प्रमाण संकेत ठरलेला होता. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले भारतीय लिप्यांचे काम पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले आणि 1991 मध्ये 'इस्की' हे भारतीय मानक निघाले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. विंडोज 2000 पासून देवनागरी चौकटीतही नीट दिसू लागली. तरी मराठीचा 'ॲ' स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये यायला 2008 उजाडले. आणि अजूनही जो आखणारा अक्षरे न मोजता बाइट मोजतो, त्याच्या चौकटीत 'कवठे महांकाळ'ला युटीएफ-8 पद्धतीने 34 बाइट लागतात. रोमन लिपीत 16 पुरतात.

आमच्या चळवळीने या गोष्टीकडे पाहिले नाही, हे कबूल केले पाहिजे. 1960 च्या दशकात कलकत्त्यात आयुर्विमा कर्मचारी संगणकाविरुद्ध पहारा देत बसले. वि. म. दांडेकरांच्या समितीने 1972 मध्ये स्वयंचलनावर अहवाल दिला. 1983 मध्ये बँक कर्मचाऱ्यांचा यंत्रांबाबत करार झाला. नोकऱ्यांची काळजी खरी होती, वडीलधाऱ्यांना आम्ही दोष देत नाही. पण यंत्रे किती यावर भांडताना, यंत्रातल्या चौकटी किती अक्षरांच्या, हे कोणी विचारले नाही.

त्या कामगाराचे पैसे अखेर मिळाले, शपथपत्रे आणि दाखल्यांचा गठ्ठा जोडून. त्यानंतर एका कारखान्यात हजेरीची नवी संगणकीय पद्धत येणार होती, तेव्हा वाटाघाटीत आम्ही विचारले, नावाला अक्षरे किती? समोरचे अधिकारी एकमेकांकडे पाहू लागले. एकाने बाहेर जाऊन फोन लावला. उत्तर आले, तीस. आम्ही साठ मागितली आहेत. बोलणी चालू आहेत.