गंज पेठेतल्या घराची सहल

पुण्याची शैक्षणिक सहल म्हटली की आपल्या बेळगाव भागातल्या शाळांचा क्रम बहुधा ठरलेला: शनिवारवाडा, पर्वती, सिंहगड, आणि वेळ उरला तर गंज पेठेतला फुले वाडा. वेळ उरत नाही. उरलाच तर वीस मिनिटे. समाधीपुढे फोटो होतो, शिट्टी वाजते, मुले गाडीत. ती शिट्टी मीही वाजवली आहे. परतताना एका मुलीने विचारले, "सर, तिथे लढाई झाली नाही, राजा राहिला नाही, मग बघायचं काय?" मला नीट उत्तर देता आले नाही. तेव्हापासून वाटते, सहलीचा पहिला मान या घराला द्यावा. पण तयारी आधी वर्गात व्हावी.

सुरुवात घर सुटण्यापासून करावी. १८४८ साली जोतीरावांनी बुधवार पेठेत भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, सावित्रीबाई शिकवू लागल्या, आणि लोकनिंदेला भ्यालेल्या वडिलांनी १८४९ मध्ये दोघांना घराबाहेर काढले. मुलांना हे लगेच कळते. घर सुटणे म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगावे लागत नाही. पुढे या दांपत्याने स्वतःच्या घराचे दार कोणाकोणाला उघडले, ते मग पाहावे. १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह निघाले. फसवल्या गेलेल्या विधवांनी इथे येऊन बाळंत व्हावे, अशी भित्तिपत्रके शहरात लावली होती. अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा, यशवंत, १८७४ मध्ये त्यांनी दत्तक घेतला. १८६८ मध्ये घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. ज्या गावात पाण्यावरून माणसे अडवली जात, तिथे ही गोष्ट किती धाडसाची, हे आवारात उभे राहूनच सांगावे. पुस्तकात ती एका ओळीत संपते.

१८८८ मध्ये पक्षाघाताने जोतीरावांचा उजवा हात गेला. 'सार्वजनिक सत्यधर्म' त्यांनी डाव्या हाताने लिहिले. ते छापून निघाले १८९१ मध्ये, त्यांच्या पश्चात. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते वारले. देह मिठात पुरावा ही त्यांची इच्छा नगरपालिकेने मान्य केली नाही. अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरायचे यावरून तंटा निघाला, तेव्हा सावित्रीबाईच ते घेऊन पुढे चालल्या. अस्थींची समाधी आवारात आहे. प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई १८९७ मध्ये गेल्या.

जाण्याआधी मुक्ता साळवेचा १८५५ चा निबंध एखाद्या मुलीकडून वाचून घ्यावा. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या, जेमतेम चौदा वर्षांच्या मातंग मुलीने तो लिहिला. आपल्या वर्गांत घरी कन्नड बोलणारी मुलेही असतात. टिपण दोन्ही भाषांत काढावे, आणि ते मुलांकडूनच लिहून घ्यावे. जुना भिडे वाडा मात्र दिसणार नाही. स्मारकासाठी तो डिसेंबर २०२३ मध्ये पाडला गेला. ही गोष्ट आधीच सांगावी, नाही तर मुले तिथे वाडा शोधत बसतील.

वाड्यात पंधरा-पंधराचे गट करावेत, कारण खोल्या लहान आहेत. तास-दीड तास राखून ठेवावा. आणि शिट्टी गाडीतच ठेवावी.