रॅपमधली आई कुणाच्या बाजूने बोलते?

रॅपमधल्या मातृप्रेमाबद्दल आपल्याकडचं मत जवळपास ठरून गेलं आहे. अख्ख्या अल्बमभर बायकांचा उद्धार करायचा आणि एका गाण्यात आईच्या पाया पडायचं, हे शुद्ध ढोंग. आईचं गाणं म्हणजे बाकीच्या गाण्यांवर घातलेलं पांघरूण. हा पूर्वपक्ष लेचापेचा नाही. आईवरून दिलेली शिवी ज्या बोलीत स्वल्पविरामासारखी पेरली जाते, तिच्यातल्या मातृभक्तीवर पटकन विश्वास बसत नाही.

पण पांघरुणाचं काम झाकण्याचं. टुपाक शकूरचं १९९५ चं ‘डिअर ममा’ नेमकं काय झाकतं? त्याची आई अफेनी ब्लॅक पँथर चळवळीतली. तिच्यावर चाललेल्या खटल्यात ती स्वतःची बाजू स्वतः मांडत होती, तीही गरोदरपणात. मे १९७१ मध्ये ती निर्दोष सुटली आणि जूनमध्ये टुपाक जन्मला. नुसती आरतीच करायची, तर एवढं भांडवल पुरेसं होतं. गाणं मात्र तिच्या अमली पदार्थांच्या व्यसनाबद्दल बोलतं, सरकारी मदतीवर काढलेल्या दिवसांबद्दल बोलतं, हाताशी काही नसताना तिने शिजवलेल्या सणाच्या जेवणाबद्दल बोलतं. तिचं व्यसन आणि तिचा मोठेपणा मुलगा एका दमात सांगतो. २०१० मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने हे गाणं जतन करण्याच्या राष्ट्रीय यादीत घेतलं.

आपल्या परंपरेत हे धाडस कमी दिसतं. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’त (१९३५) दारिद्र्य आहे, कर्ज आहे, अपमान आहे, पण चुकतो तो श्याम, आई नव्हे. कवी नारायण सुर्व्यांनी आईला देव्हाऱ्यातून काढून गिरणीच्या भोंग्यावर कामाला निघालेली दाखवलं. उर्दूत मुनव्वर राणांनी आईला गझलेत आणलं, तेव्हा ‘हा प्रांत प्रेयसीचा, इथे आई कशाला?’ अशी नाकं मुरडली गेली. १४ जानेवारी २०२४ रोजी राणा गेले, तेव्हा मात्र लोकांना सर्वांत आधी आठवले ते आईवरचेच शेर. तेव्हा रॅपला आई शोभत नाही, हा आक्षेपही जुनाच. फक्त पत्ता बदलला.

हे प्रेम साचेबंद आहे, असंही म्हणतात. एमिनेमने २००२ मध्ये ‘क्लीनिंग आउट माय क्लॉझेट’मध्ये आईची जाहीर लक्तरं काढली. २०१३ च्या ‘हेडलाइट्स’मध्ये त्याने तिची माफी मागितली आणि ते जुनं गाणं आता कार्यक्रमांत म्हणत नाही, हेही गाण्यातच सांगून टाकलं. साच्यातलं प्रेम असं स्वतःचीच उलटतपासणी घेत नाही. मुंबईच्या रॅपवर बेतलेल्या ‘गली बॉय’मधली (२०१९) अमृता सुभाषने उभी केलेली आईही आशीर्वादापुरती नाही: नवऱ्याने सवत आणली की ती भांडते आणि पुढे मुलांसह ते घर सोडते.

तरी आक्षेपाचा एक भाग उरतोच, आणि तो मान्य केला पाहिजे. आईच्या वाट्याला जी नजर येते, ती प्रेयसीच्या वाट्याला येत नाही. टुपाकच्याही सगळ्या गाण्यांत ती नजर नाही. पण यावरून आईचं गाणं खोटं ठरत नाही, बाकीची गाणी उघडी पडतात. बाईचे कष्ट, तिच्या चुका, तिचा इतिहास या मुलाला दिसतो, हे त्यानेच सिद्ध केलं आहे. त्यामुळे ‘आम्हाला दिसतच नव्हतं’ ही पळवाट त्याला उरत नाही. टीकाकार आईच्या गाण्याला रॅपरचं वकीलपत्र समजतात. माझ्या मते ती त्याच्याच तोंडची, त्याच्याविरुद्ध जाणारी साक्ष आहे. टीकाकारांनी ती फेटाळण्याऐवजी वापरावी.