मांजर, कमोड आणि मिंगस

जॅझवाला चार्ल्स मिंगस ठाऊक असतो तो डबल बेससाठी. पण या बाबाने मांजराला कमोड वापरायला शिकवण्यावर चक्क पत्रक लिहिलं होतं! त्याच्या मांजराचं नाव नाइटलाइफ. कागदाचे कपटे भरलेलं खोकं हळूहळू सरकवत कमोडवर न्यायचं, मग त्याला भोक पाडायचं. झालं!

त्याआधी १९४७ साली मिशिगनमध्ये एड लोने राखेऐवजी दाणेदार माती शेजारणीला दिली आणि 'किटी लिटर' जन्मलं.

मग मिंगसचा जुगाड भारी म्हणायचा? थांबा. मांजराच्या विष्ठेतला टॉक्सोप्लाझ्मा सांडपाण्यातून समुद्रात पोचू शकतो, त्याने कॅलिफोर्नियात समुद्री पाणमांजरं मरतात. म्हणून तिथे २००६ साली कायदाच झाला: पाकिटावर 'लिटर फ्लश करू नका' छापा. असो. आमच्या मनीसाठी आपली मातीच बरी. मांजराच्या सोयीसाठी पाणमांजर कशाला मारा?