गंडभेरुंड आणि हुमा

१९५४ साली भारतानं ब्रिटिश नौदलाकडून एक जुनी क्रूझर विकत घेतली. तिचं नाव ‘नायजेरिया’. ऑगस्ट १९४२ मध्ये माल्टा बेटाकडं निघालेल्या मालवाहू जहाजांना सोबत करताना इटालियन पाणबुडीच्या टॉर्पेडोनं ही नौका जबर जखमी झाली होती, पण बुडाली नाही. बर्कनहेडच्या गोदीत तिची नव्यानं बांधणी झाली आणि २९ ऑगस्ट १९५७ रोजी ती आपल्या नौदलात आली ‘म्हैसूर’ हे नाव घेऊन.

नाव बदललं की नौकेचं चिन्हही बदलतं. नौदलातली माणसं त्याला ‘क्रेस्ट’ म्हणतात. ब्रिटिश नौदलानं पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ च्या सुमारास, या चिन्हांना शिस्त लावली. बॅटलशिपला वर्तुळ, क्रूझरला पंचकोन, विनाशिकेला ढाल, असे आकार ठरले. वर नौदलाचा मुकुट. १९५० मध्ये आपण प्रजासत्ताक झालो, तेव्हा भारतीय नौदलाच्या मानचिन्हावरचा मुकुट उतरला आणि तिथं अशोकस्तंभाचे सिंह आले. मुकुटाचा प्रश्न असा सुटला. पण प्रत्येक नौकेनं आपल्या चिन्हात काय मिरवायचं, हा प्रश्न ज्या त्या नौकेचा.

‘म्हैसूर’नं मिरवला गंडभेरुंड. दोन डोक्यांचा हा पक्षी म्हैसूरच्या वडियार राजांच्या राजचिन्हातला. पण त्यांनी काही तो निर्माण केला नव्हता. शिमोगा जिल्ह्यातल्या बळ्ळिगावीला अकराव्या शतकातला एक स्तंभ आहे, त्यावर माणसाचं धड आणि पक्ष्याची दोन डोकी असलेला गंडभेरुंड उभा आहे. विजयनगरच्या अच्युतरायाच्या नाण्यांवर तर तो चोचींत आणि पंजांत हत्ती धरून उडतो. आपल्याकडच्या किल्ल्यांच्या दरवाजांवरही शोधणाऱ्याला तो सापडतो, शरभाच्या शेजारी.

या शेजाराची गंमत सांगायला हवी. शैवांच्या कथेत नरसिंहाचा क्रोध आवरायला शिव शरभाचं रूप घेतो. वैष्णवांनी त्याला उत्तर दिलं: शरभाला आवरायला विष्णू गंडभेरुंड झाला. म्हणजे हे दोघे पिढीजात वैरी. आणि वडियारांच्या राजचिन्हात मधोमध गंडभेरुंड, तर त्याला दोन्ही बाजूंनी आधार देणारे कोण? शरभ! राजचिन्ह रचणाऱ्यानं हे जाणून केलं की सहज झालं कोण जाणे, पण भांडण मिटवण्याची याहून चांगली जागा मला तरी सुचत नाही. नौकेवर येताना मात्र शरभ मागं राहिले. क्रेस्टमध्ये आधार देणाऱ्या प्राण्यांना जागा नसते. समुद्रावर गेला तो एकटा पक्षी.

हा पक्षी एकट्या हिंदूंचा आहे, असंही नाही. तुर्कस्तानात दिवरिगी इथं १२२८-२९ मध्ये बांधायला घेतलेली मोठी मशीद आहे. तिच्या पश्चिमेच्या दरवाजावर दोन डोक्यांचा गरुड कोरलेला आहे. बायझंटाइन सम्राटांपासून रशियाच्या झारपर्यंत तो किती घरी राहिला, याची यादी करत बसलो तर माझी वेळ संपेल.

तरी म्हैसूर म्हटलं की माझ्या मनात आणखी एक पक्षी फडफडतो. टिपू सुलतानाच्या सिंहासनाच्या छत्रावर रत्नजडित हुमा होता. हुमा हा फारसी काव्यातला पक्षी. तो कधी जमिनीवर उतरत नाही, आणि ज्याच्यावर त्याची सावली पडते तो राजा होतो. आमच्या घरातल्या बायका लेकरांना दुवा देतानाही त्याचं नाव घ्यायच्या. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडलं, सिंहासनाचे तुकडे झाले आणि हुमा विंडसरच्या राजवाड्यात पोचला.

याच टिपूनं १७९६ मध्ये चाळीस युद्धनौकांच्या आरमाराचा बेत आखला होता. म्हणून एका मित्रानं मला विचारलं, ‘‘म्हैसूर नावाच्या युद्धनौकेवर टिपूचं काहीच नाही, तुला खुपत नाही?’’ खुपलं होतं, खोटं कशाला बोलू? पण १९५७ साली म्हैसूर राज्याची ओळख गंडभेरुंडच होती, आणि राज्याचे राज्यपाल होते खुद्द जयचामराज वडियार. नौकेला ज्या भूमीचं नाव, तिचंच प्रचलित चिन्ह. तिथं माझ्या आवडीनिवडीला विचारतो कोण? शिवाय मला वाटतं, हुमा नौकेला शोभलाही नसता. तो कुठंच उतरत नाही. नौकेला बंदर गाठावं लागतं. आणि सावलीनं राजे करणारा पक्षी प्रजासत्ताकाच्या नाविकांनी घेऊन तरी काय करायचं?

त्यांच्या वाट्याला चिन्हाखालचं ब्रीदवाक्य आलं, ते वडियारांचंच, तैत्तिरीय उपनिषदातून घेतलेलं. अर्थ एवढाच, की तो कधीही भीत नाही. मूळ ठिकाणी हे शस्त्र हाती असलेल्याबद्दल म्हटलेलं नाही, ब्रह्माचा आनंद ज्यानं जाणला त्याच्याबद्दल आहे. तोफांच्या नौकेवर ते वाक्य थोडं वेगळं ऐकू येतं खरं. पण तोफखान्यात, इंजिनाच्या उष्म्यात राबणाऱ्या पोरांत शंकर, अब्दुल, जोसेफ सगळेच असतात आणि भीती सगळ्यांनाच वाटते. त्या वाक्याची गरज राजापेक्षा त्यांनाच अधिक.

१९७१ च्या युद्धात ‘म्हैसूर’ पश्चिमी ताफ्याची ध्वजनौका होती. २० ऑगस्ट १९८५ रोजी ती निवृत्त झाली. त्याआधीच, १९७३ मध्ये, राज्याचं नाव कर्नाटक झालं होतं. मग मुंबईच्या माझगाव गोदीत दुसरी नौका बांधली गेली. २ जून १९९९ रोजी ती नौदलात आली. नाव ‘म्हैसूर’, पक्षी तोच, आणि त्याखाली तेच वाक्य.