जी. आय. पी.चा शेअर
* ग्रेट इंडियन पेनिन्शुला (जी. आय. पी.) रेल्वे ही कंपनी १८४९ साली ब्रिटिश पार्लमेंटच्या कायद्याने स्थापन झाली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली पहिली गाडी हिचीच. भांडवल मुख्यतः इंग्लंडमध्ये उभे राहिले. भागधारकांना पाच टक्के व्याजाची हमी होती आणि तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरली जाई. १९०० मध्ये सरकारने ही रेल्वे विकत घेतली. अशा रेल्वे कंपन्यांच्या शेअरचे जुने दाखले आज संग्राहक जपतात. दाखला हाती आला की भागधारकाचे नाव-गाव, तारीख, सह्या आणि रद्द केल्याची खूण आधी वाचावी. रुळांसाठी पैसा कोणी गुंतवला, हे तिथे कळते. व्याजाचा भार वाहणाऱ्या रयतेचे नाव मात्र त्यावर नसते. – संपा.